आठ सामन्यांचा पाहुणा

२०२४ साली कोजागरी बुधवारी होती, १६ ऑक्टोबरला. पण अमेरिकेत आपले सगळे सण शनिवारी येतात, त्यामुळे आम्ही दूध आटवलं ते १९ तारखेला. बफेलोच्या उपनगरातलं आमचं घर, तळघरात पंधरा-वीस मराठी माणसं, सहा लिटरचं पातेलं, केशर, चारोळी. चंद्र बघायला मात्र कुणी अंगणात गेलं नाही. सगळे बोलत होते अमारी कूपरबद्दल. गणपतीच्या वर्गणीवरूनही आमच्यात इतके आवाज कधी चढले नव्हते.

मी मूळची कराडची. इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायला १९९९ साली आले, तेव्हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ एवढंच मला माहीत होतं. या गावात तेवढ्यावर भागत नाही. रक्ताची नळी हातात घ्यायच्या आधी लोक विचारतात, रविवारचा सामना पाहिलास का?

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अकरा-अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांचा. चेंडू गोलरेषेपार नेलात की टचडाउन. क्वार्टरबॅक फेकतो आणि रिसीव्हर पळत जाऊन झेलतो. क्रिकेटच्या झेलासारखं हे नाही, कारण चेंडू हातातून सुटतो तेव्हा रिसीव्हर कित्येकदा वळलेलाही नसतो. तो किती पावलं सरळ पळेल, कुठे आत कापेल, हे दोघांनी महिनोन्‌महिने घोटलेलं असतं. गवई आणि तबलजी बरोबर समेवर येतात, तसं. आणि हंगामाच्या मध्यात रिसीव्हर आणायचा म्हणजे मैफल रंगात असताना तबलजी बदलायचा.

आमच्या संघावर, बफेलो बिल्सवर, ही वेळ आली ती आदल्या सहा महिन्यांतल्या घडामोडींमुळे. एप्रिल २०२४मध्ये बिल्सनी स्टेफॉन डिग्ज या आपल्या पहिल्या नंबरच्या रिसीव्हरला ह्यूस्टन टेक्सन्सकडे पाठवून दिलं. बफेलोतल्या चारही हंगामांत त्याने हजार यार्डांच्या वर मजल मारली होती. शिवाय पगाराचे हिशेब असे, की तो गेल्यावरही त्याच्या नावाचे सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर त्या वर्षीच्या बिल्सच्या खात्यात पडले. प्रत्येक संघाला पगाराची कमाल मर्यादा असते, ती त्या वर्षी २५ कोटी ५४ लाख होती. म्हणजे घरात नसलेल्या माणसाच्या ताटात आठवा हिस्सा वाढून ठेवलेला.

हंगाम सुरू झाला, पहिले तिन्ही सामने जिंकले. मग बाल्टिमोरने ३५-१० असं धुतलं. पुढच्या रविवारी, ६ ऑक्टोबरला, गाठ पडली नेमकी ह्यूस्टनशी, आणि आमचा लाडका क्वार्टरबॅक जॉश ॲलन याचे ३० पैकी फक्त ९ फेके कुणाच्या तरी हातात पडले. सामना हरलो २३-२०. समोरच्या बाकावर डिग्ज. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कुणी कुणाशी धड बोललं नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे फोन एकदम वाजले. क्लीव्हलंड ब्राउन्सचा अमारी कूपर बिल्सकडे. वय ३०. बदल्यात २०२५ची तिसऱ्या फेरीची आणि २०२६ची सातव्या फेरीची निवड. सोबत ब्राउन्सकडून सहाव्या फेरीची एक निवड परत.

ही ‘निवड’ काय भानगड आहे, ते कराडच्या भाषेत सांगते. आयपीएलसारखा इथे लिलाव नसतो. दर एप्रिलमध्ये ३२ संघ कॉलेजमधून आलेली पोरं आळीपाळीने निवडतात, सात फेऱ्यांत. आदल्या वर्षी तळाला राहिलेल्याला पहिला मान. हे निवडीचे हक्क पुढच्या वर्षांचेसुद्धा आजच देऊन टाकता येतात. आमच्याकडे पुढच्या हंगामाच्या उसावर उचल घेतात, तसंच. कांडं अजून जमिनीत लावलेलंही नाही, पण त्यावर पैसे उचलून झाले.

कूपरच्या बाबतीत आणखी एक गंमत होती. त्याच्या पगाराचा मोठा भाग ब्राउन्सनी आधीच बोनस म्हणून देऊन टाकला होता. बिल्सना त्या हंगामापुरते द्यायचे होते साधारण ८ लाख डॉलर, या धंद्यात चणेफुटाणे. बैल आमच्या गोठ्यात, पेंड ब्राउन्सची. माणसाला बैल म्हणणं बरं नाही, हे कळतं मला. पण या सौद्यात त्याला विचारतं कोण? रविवारी तो ब्राउन्सकडून फिलाडेल्फियात खेळला, मंगळवारी बफेलोचा झाला. आपल्याला बदलू नये, असं कलम करारात घालून घेणारे खेळाडू अगदी थोडे. बाकीच्यांनी सामान बांधायचं. आमच्या वडिलांची एसटीत बदली व्हायची, तेव्हा त्यांना निदान शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुदत मागता यायची.

तर, कोजागरी. पहिली फळी माझ्या मुलाची. वय २४, घरात मराठी बोलतो, पण फुटबॉलवर आला की त्याच्या तोंडून आकडेच बाहेर पडतात. त्याचं म्हणणं, ॲलन आत्ता २८ वर्षांचा आहे. असा क्वार्टरबॅक गावाच्या नशिबी पिढीत एकदा येतो. तिसऱ्या फेरीतून येणारं पोर दोन वर्षं बाकावर बसेल, तोवर ॲलन तिशीत. आणि त्याने कूपरचाच जुना दाखला काढला. २०१८मध्येही ऑक्टोबरातच कूपरला ओकलंड रेडर्सनी डॅलस काउबॉईजना दिलं होतं, तेही थेट पहिल्या फेरीच्या बदल्यात. डॅलसमध्ये लोक चिडले होते, एवढी किंमत कशाला म्हणून. तेव्हा काउबॉईज ३ जिंकून ४ हरले होते. कूपर आला, नऊ सामन्यांत ५३ झेल घेतले, ७२५ यार्ड कमावले, आणि संघ १०-६ वर जाऊन गट जिंकला. डिसेंबरात ईगल्सविरुद्ध तर एकट्याने २१७ यार्ड आणि तीन टचडाउन.

“तेव्हा तो २४ वर्षांचा होता,” असं म्हणाले आमचे शेजारी.

हे शेजारी सत्तरीचे, मराठी नव्हेत, पण बारा वर्षं न चुकता आमच्या कोजागरीला येतात आणि दोन पेले दूध पितात. तरुणपणी लॅकवानाच्या बेथलेहेम स्टीलमध्ये होते. १९८३मध्ये तिथल्या भट्ट्या बंद पडल्या आणि हजारो घरांसारखं त्यांचंही घर हललं. ‘पुढे चांगले दिवस येणार आहेत’ असं कुणी म्हटलं की त्यांची एक भुवई वर जाते. बिल्स १९९१ ते १९९४ अशी सलग चार वर्षं सुपर बोलची अंतिम लढत हरले, त्या चारही लढती त्यांनी एकाच सोफ्यावर बसून पाहिल्या. त्यातली पहिली एका गुणाने, स्कॉट नॉरवुडची ४७ यार्डांवरची किक उजवीकडून बाहेर गेली म्हणून. इथल्या लहान मुलांनाही तो प्रसंग ठाऊक असतो, जणू घरातलंच कुणी गेलं होतं.

त्यांचा मुद्दा असा होता की, म्हातारा रिसीव्हर हा फुटलेल्या पाइपला गुंडाळलेली चिंधी असतो. त्यांनी रँडी मॉसचं नाव काढलं. २०१० साली मिनेसोटा व्हायकिंग्जनी आपला हा जुना हिरा ऑक्टोबरात तिसऱ्या फेरीची निवड देऊन परत आणला. गावभर आनंदीआनंद. चार सामने, १३ झेल, आणि नोव्हेंबर उजाडताच प्रशिक्षक ब्रॅड चिल्ड्रेस यांनी त्याला घरी पाठवलं. त्याच महिन्यात चिल्ड्रेसही घरी गेले. मग मोहम्मद सानू. २०१९मध्ये पेट्रियट्सनी त्याच्यासाठी दुसऱ्या फेरीची निवड मोजली आणि हाती लागले २६ झेल.

“आणि त्याच आठवड्यात इमॅन्युएल सँडर्स फोर्टीनायनर्सकडे गेला, तो सुपर बोलपर्यंत पोचला,” मुलगा म्हणाला.

“पोचला. आणि हरला.”

बायकांच्या घोळक्यातून एक मुद्दा आला, तो मला सगळ्यांत खरा वाटला. आमच्या ओळखीतली एक डॉक्टरीण म्हणाली, “हा करारच या हंगामापुरता आहे. मार्चमध्ये तो जाणार. म्हणजे आपण खेळाडू घेतलेलाच नाही, चार महिने भाड्याने आणलाय.” इथले लोक अशा खेळाडूला भाडोत्रीच म्हणतात, त्यात राग नसतो. पण भाड्याच्या घराला कुणी रंग लावत नाही. ॲलनने याच्याशी सूर जुळवण्यात किती जीव लावायचा?

माझं मत कुणी विचारलं नाही, तरी सांगितलं. सगळ्यांचं बोलणं ऐकून मला जाणवलं की कुणीही कूपरबद्दल बोलत नव्हतं. मुलगा ॲलनच्या वयाबद्दल बोलत होता, शेजारी भट्टीबद्दल. कूपरचे त्या वर्षीचे सहा सामने मी पाहिले नव्हते, त्यांतल्या कुणीच नीट पाहिले नव्हते. २४ झेल, २५० यार्ड, एवढंच कागदावर. मधे आमच्या यांनी विचारलं, दूध आणखी कुणाला हवंय? तेव्हा कुठे चंद्राची आठवण झाली, पण तोवर ढग आले होते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, टेनेसी टायटन्सशी घरच्या मैदानावर सामना. टायटन्स १०-० पुढे. तळघरात कालचाच वास, आणि शेजारी न बोलता चिवडा खात बसलेले. मग तिसऱ्या सत्रात कूपरने १२ यार्डांवरून चेंडू झेलून टचडाउन केला. गावात येऊन पाच दिवस झाले होते, प्लेबुकची पानं अजून पाठ व्हायची होती. सामना ३४-१० असा जिंकला. कूपरचे चार झेल, ६६ यार्ड. मुलाने त्याच संध्याकाळी १८ नंबरची जर्सी मागवली.

त्याच आठवड्यात टायटन्सनी आपला डीॲन्ड्रे हॉपकिन्स, वय ३२, आमच्या हाडवैऱ्यांना, कॅन्सस सिटी चीफ्सना दिला. डावान्टे ॲडम्स तर कूपर आला त्याच दिवशी न्यूयॉर्क जेट्सकडे गेला होता, आपल्या जुन्या क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सपाशी. एका महिन्यात तीन बुजुर्ग तीन घरांत गेले. जेट्सचं जिंकणं-हरणं अखेर ५-१२ असं झालं, त्याबद्दल बफेलोत कुणाला फार वाईट वाटलं नाही.

कूपरचं पुढे मनगट दुखावलं. काही सामने बुडाले. डिसेंबरात लॉस एंजेलिसला ९५ यार्ड मिळवले, पण तो सामना ४४-४२ असा गेला. साखळीत बिल्ससाठी तो आठ सामने खेळला: २० झेल, २९७ यार्ड, दोन टचडाउन. एवढाच जमाखर्च मांडला तर शेजारी जिंकले.

पण १ डिसेंबरची रात्र त्या हिशेबात कुठे लिहायची? सरोवरावरून येणारा बर्फ, ऑर्चर्ड पार्कच्या आमच्या मैदानावरच्या रेषा झाकलेल्या, समोर फोर्टीनायनर्स. गोलरेषा सात-आठ पावलांवर. ॲलनने डावीकडे कूपरकडे चेंडू टाकला. कूपरला दोघांनी धरलं, तो खाली चालला होता. आणि पडता पडता त्याने चेंडू मागे उलटा टाकला, धावत आलेल्या ॲलनकडेच. ॲलन कोपऱ्यात झेपावला. टचडाउन. नोंदवहीत फेकणाराही ॲलन आणि झेलणाराही ॲलन. कूपरच्या नावावर टचडाउन पडला नाही. ज्याच्याशी सूर जुळायला महिने लागतात म्हणत होतो, त्याने न बघता ओळखलं होतं की ॲलन मागून येतोय. बिल्स ३५-१० जिंकले, गटही त्याच रात्री जिंकला. शेजारी उठून उभे राहिले. त्यांना गुडघ्यामुळे सहसा उठवत नाही.

प्लेऑफमध्ये कूपरच्या हाती फारसं काही लागलं नाही. २६ जानेवारी २०२५ला कॅन्सस सिटीत चीफ्सकडून ३२-२९ असं हरलो. शेवटची संधी चौथ्या प्रयत्नाची, ५ यार्ड हवे होते. चौफेर वेढा पडला असताना ॲलनने उंच फेकलेला चेंडू डाल्टन किनकेडच्या हातात थांबला नाही. आमच्या घरात टीव्ही बंद करायलाही कुणी उठलं नाही.

मार्चमध्ये कूपरचा करार संपला. ऑगस्टमध्ये तो रेडर्सकडे गेला, जिथून २०१५ साली सुरुवात केली होती तिथेच, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधीच त्याने निवृत्ती घेतली. कारकिर्दीत दहा हजारांहून जास्त यार्ड. मुलाची १८ नंबरची जर्सी आता ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसताना कोटावरून चढते.

आणि ती तिसऱ्या फेरीची निवड? ती ९४वी ठरली. ब्राउन्सनी त्यावर ऑरेगन विद्यापीठाचा डिलन गॅब्रिएल घेतला, तोही क्वार्टरबॅक. ५ ऑक्टोबर २०२५ला लंडनमध्ये त्याने पहिल्यांदा सुरुवातीपासून सामना खेळला. आमच्याकडे सकाळचे साडेनऊ. मी पोहे परतत होते, तेवढ्यात मागच्या दारावर टकटक. शेजारी हातात कॉफीचा मग घेऊन उभे. ब्राउन्सशी त्यांचं आयुष्यात कधी जमलेलं नाही.

“लाव टीव्ही,” म्हणाले, “आपलं पोरगं खेळतंय.”