पुस्तकपेटीचा हिशोब

गावभर वाचन सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "पैसे कुठून आणायचे?" मी म्हणते, आधी किती लागतात ते लिहा.

इटियाडोहचं धरण एकदाच बांधलं, पण कालव्यातला गाळ वारंवार काढावा लागतो. वाचनाचा खर्चही असाच दोन भागांत मांडा.

एकदाच लागणारा खर्च: 50 रुपयांची 40 पुस्तकं म्हणजे 2,000, पत्र्याची पेटी 1,500, सतरंज्या 1,000. झाले 4,500. दर महिन्याचा खर्च: बाइंडिंग, वही-पेन, एखादं नवं पुस्तक मिळून 250, वर्षाचे 3,000. म्हणजे पहिल्या वर्षी 7,500 रुपये.

पहिला भाग ग्रामपंचायतीकडे मागा. पंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेआधी महिला सभा होते. तिथे विषय मांडा, ठराव लिहून घ्या, सोबत हा हिशोब जोडा. तोंडी मागणी कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरा भाग आपला. गावात 10 गट असतील, तर प्रत्येक गटाचे महिन्याला 25 रुपये. मग एखाद्या वर्षी निधी आला नाही, तरी पेटी बंद पडत नाही.

एक मात्र पाळा. गटाच्या बचतीला हात लावू नका. ती कुणाच्या दवाखान्यासाठी, कुणाच्या रोवणीसाठी असते. वर्गणीची वही वेगळी ठेवा, दर बैठकीत मोठ्यानं वाचा. जी बाई नुकतीच सही शिकली, तिलाच ती वाचू द्या. आपलं वाचन तिथूनच सुरू होईल.