प्रयोगशाळेतील वीज आणि कोरडी माती

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना देशाच्या वीजधोरणाचा पाया घातला गेला. ती वीज आज आमच्या निवासी लेकरांच्या हाताशी आहे. तिची शिस्तही आम्हीच शिकविली पाहिजे.

वाशीमच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. माती सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो; मग उपकरणात बिघाड होऊनही फ्यूज उडत नाही आणि धातूच्या आवरणात वीज खेळत राहते. म्हणून जूनअखेर शाळा उघडण्यापूर्वी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून तपासणी करावी. ३० मिलिअँपिअर गळतीलाच वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा. धक्का बसलेल्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा.

वायरमन झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी ही तपासणी दरवर्षी करून द्यावी, अशी आमची विनंती आहे.