त्वचेचा कायदा आणि जाहिरातींची भुरळ

‘स्टेम सेलने नवी कातडी देतो’ अशी जाहिरात हातात घेऊन लोक आमच्याकडे सल्ला मागायला येतात. तोपर्यंत पैसे भरून झालेले असतात, गुण मात्र आलेला नसतो. म्हणून हे विज्ञान आहे तरी काय, ते आधी समजून घेतले पाहिजे.

त्वचेच्या सर्वांत खालच्या थरात मूलपेशी असतात. त्या विभागतात. काही तिथेच मूलपेशी म्हणून राहतात, काही वर सरकत कठीण होतात आणि महिन्याभरात गळून पडतात. दोन्हींच्या पोटात जनुके तीच! मग फरक कशाने पडतो? कायद्याचे पुस्तक सगळ्या न्यायालयांत एकच असते; कोणते कलम लागले, यावर निकाल ठरतो. पेशीचेही तसेच. कोणते जनुक चालू आणि कोणते बंद, यावर तिचे काम ठरते. खालच्या थरात पी-६३ हे नियामक प्रथिन भरपूर असते. केराटिन ५ व १४ ची जनुके चालू असतात. पेशी वर निघाली की पी-६३ घटते आणि केराटिन १ व १० ची जनुके सुरू होतात. १९९९ साली पी-६३ चे जनुक काढलेले उंदीर जन्मले, तेव्हा त्यांच्या अंगावर बाह्यत्वचाच तयार झाली नव्हती.

या ज्ञानातून माणूस वाचतो. २०१५ साली जर्मनीतील बोखुम येथे सात वर्षांचा एक सीरियन निर्वासित मुलगा दाखल झाला. जनुकातील जन्मजात दोषाने त्याची बहुतेक बाह्यत्वचा गळाली होती. इटलीच्या मिकेले दे लुका यांच्या पथकाने त्याच्याच त्वचेच्या छोट्या तुकड्यातील पेशींत निर्दोष जनुक घातले, त्वचा वाढवली. बोखुमच्या डॉक्टरांनी ती सुमारे ८० टक्के शरीरावर बसवली. मुलगा शाळेत जाऊ लागला. २०१७ साली हे सारे ‘नेचर’मध्ये जगासमोर मांडले गेले. मोजक्या दीर्घायुषी मूलपेशीच नवी त्वचा सांभाळतात, हेही त्यातून दिसले.

आता जाहिरातवाल्यांना विचारा, तुमचा असा अहवाल कुठे आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. ठरावीक रक्तविकारांवरील प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. तेव्हा पैसे मोजण्याआधी मान्यतेचा कागद मागा. फसला असाल तर पावत्या जपून ठेवा आणि ग्राहक आयोगात दाद मागा. गप्प बसू नका!