कॅमेरा फ्लेमप्रूफ आहे, पण वायरीचं काय?

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एक प्रश्न आला होता. "आमच्या कारखान्यात सॉल्व्हंटच्या टाक्यांपाशी सीसीटीव्ही बसवायचाय. फ्लेमप्रूफ कॅमेरा विकत आणला की झालं ना?" वेळ संपली म्हणून उत्तर राहिलं. आज आपण त्यावरच बोलू. थोडक्यात उत्तर असं, की नाही, तेवढ्याने होत नाही. कॅमेऱ्याबरोबर प्रमाणपत्र येतं. पण त्याला जोडलेली वायर आपण ओढतो, आणि तिथली चूक ते प्रमाणपत्र झाकत नाही.

आधी धोका किती मोठा आहे ते पाहू. पेट्रोलची वाफ हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के मिसळली, की ती पेटायला तयार होते. तिला पेटवायला सुमारे पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. हायड्रोजनला तर त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीच लागते. कोरड्या हवेत दाराच्या कडीला हात लावल्यावर बोटाला जो चटका बसतो, त्यात याहून जास्त ऊर्जा असते.

आता कोणी म्हणेल, "अहो, कॅमेरा तर नेटवर्कच्या केबलवरच चालतो. 48 व्होल्ट! त्याचा शॉकसुद्धा बसत नाही." इथेच फसगत होते. शॉक बसणं वेगळं आणि ठिणगी पडणं वेगळं. 14 ऑक्टोबर 1913 रोजी वेल्समधल्या सेंगेनिद इथल्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि 439 खाणकामगार मेले. खाणीत इशारा द्यायला बॅटरीवरच्या विजेच्या घंटा होत्या, आणि त्यांच्या तारा उघड्या होत्या. स्फोटाचं कारण चौकशीत पक्कं ठरलं नाही, पण या तारांच्या ठिणगीवर संशय होता. अशा घंटांवर त्या काळात जे संशोधन झालं, त्यातूनच पुढे 'इंट्रिन्सिक सेफ्टी' ही कल्पना उभी राहिली. म्हणजे मंडलात ऊर्जाच इतकी कमी ठेवायची, की वायर तुटली तरी वायू पेटू नये. पण लक्षात घ्या, नेहमीचा पीओई त्यात बसत नाही. व्होल्टेज कमी आहे म्हणून तो आपोआप सुरक्षित होत नाही.

मग काम कसं करायचं? क्रमाने जाऊ.

पहिला प्रश्न, कॅमेरा तिथे हवाच आहे का? कारखान्याकडे धोक्याच्या जागांचा नकाशा असतो. वायू सतत किंवा बराच वेळ असतो तो झोन 0. नेहमीच्या कामात कधीकधी येऊ शकतो तो झोन 1. सहसा येत नाही, आला तर थोडाच वेळ, तो झोन 2. चांगल्या झूमचा कॅमेरा या हद्दीबाहेरच्या खांबावर लावून भागत असेल, तर तेच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरक्षित.

आतच लावायचा असेल, तर पाटी वाचा. तिच्यावर संरक्षणाचा प्रकार, वायूचा गट आणि तापमानाचा वर्ग लिहिलेला असतो. हायड्रोजन असलेल्या जागी आयआयए गटाचा कॅमेरा चालत नाही, तिथे आयआयसी लागतो. टी4 म्हणजे पृष्ठभाग 135 अंशांपेक्षा जास्त तापणार नाही, टी6 म्हणजे 85. प्रमाणपत्राच्या क्रमांकाशेवटी 'एक्स' असेल तर काही खास अटी आहेत, त्या वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि पेट्रोलियमच्या धोकादायक जागी वापरायच्या विजेच्या उपकरणाला नागपूरच्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेची मान्यता लागते.

आता मुख्य मुद्दा, ग्लँड. फ्लेमप्रूफ पेटीत वायू शिरतच नाही, असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. वायू आत शिरतो, पेटूही शकतो. पेटी तो स्फोट सहन करते, आणि सांध्याच्या अरुंद फटीतून बाहेर पडताना ज्वाला थंड होते. सगळी मदार त्या फटीवर असते. एका कारखान्यात आम्ही पाहिलं, कॅमेरा भारीतला, प्रमाणपत्र चोख. पण केबल आत घ्यायला पेटीला ड्रिलने जादा भोक पाडलं होतं आणि सिलिकॉन भरून ते बुजवलं होतं. त्या क्षणी ती पेटी फ्लेमप्रूफ राहिली नाही. साधी लोखंडी पेटी झाली.

म्हणून कंपनीने दिलेल्या भोकातूनच केबल घ्यायची. ग्लँड त्याच प्रकारचा, प्रमाणित. आट्या किमान पाच पूर्ण बसल्या पाहिजेत. न वापरलेल्या भोकाला प्रमाणित प्लग. नेटवर्कच्या केबलमध्ये तारांच्या जोड्यांमध्ये पोकळी असते, आणि त्या पोकळीतून वायू आणि ज्वाला दोन्ही पुढे सरकू शकतात. त्यामुळे अशी केबल थेट फ्लेमप्रूफ पेटीत जात असेल, तर आतल्या तारांभोवती कंपाउंड भरायचा बॅरिअर ग्लँड लावा. केबल शक्यतो आर्मर्ड घ्या.

जोडणीकडे येऊ. वीज चालू असताना झोनमध्ये प्लग काढायचा नाही, घालायचाही नाही. पीओई स्विच सुरक्षित जागेत ठेवा आणि वीज तिथूनच बंद करा. तांब्याच्या केबलची मर्यादा 100 मीटर आहे. अंतर वाढलं म्हणून मध्येच झोनमध्ये साधा स्विच बसवू नका, फायबर वापरा. फायबरमधल्या प्रकाशाची ताकदही मर्यादेत असावी लागते, ती तपासून घ्या.

केबलची वाटही महत्त्वाची. जयपूरजवळ सीतापुरा इथे 29 ऑक्टोबर 2009 रोजी इंडियन ऑइलच्या तेलसाठ्यात पेट्रोल तासाभराहून जास्त वेळ गळत राहिलं. वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरली आणि मग स्फोट झाला. यातून घ्यायचा धडा असा, की वाफ आपल्या नकाशावरच्या रेषा पाळत नाही. केबलचा चर, डक्ट किंवा पाइप झोनमधून कंट्रोल रूमपर्यंत मोकळा सोडला, तर आपणच वाफेला आयता रस्ता करून देतो. चरात वाळू भरा. भिंतीतून केबल जिथे आत येते ती जागा सील करा.

खांबावरच्या कॅमेऱ्याला अर्थिंग आणि सर्ज संरक्षण हवंच. पावसाळ्यात वीज खांबावरच उतरायची.

शेवटी देखभाल. पेटी उघडण्याआधी वीज बंद करा, वायू तपासा, परमिट घ्या. बंद करताना सगळे बोल्ट लावा. चार बोल्ट असताना तीन चालत नाहीत. सांध्याच्या पृष्ठभागावर रंग लावू नका. काच कोरड्या फडक्याने घासू नका, ओल्या फडक्याने पुसा, म्हणजे स्थिर वीज तयार होणार नाही.

उद्या कामावर गेलात की एक करा. तुमच्या सर्वांत जुन्या कॅमेऱ्याखाली उभे राहा आणि केबल आत शिरते त्या जागेकडे नीट बघा. ग्लँड सैल असेल, टेप गुंडाळलेला असेल किंवा भोक उघडं असेल, तर लगेच तुमच्या सेफ्टी ऑफिसरला लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.