बावन्न सदतीस

देवळाली कॅम्पातली एक लहानशी खोली, संध्याकाळचे साडेसहा. लांबून तोफांच्या सरावाचे दबके धमाके येताहेत. चटईवरची चार मुलं मानही वर करत नाहीत. दचकतो तो मीच.

“चार आकडी नंबर सांगा कुठलाही. चारही अंक सारखे नकोत,” बाई म्हणतात.

“बावन्न सदतीस,” कोपऱ्यातली मुलगी.

नववीतला मुलगा चौकटीच्या वहीत लिहितो : २५७३. ‘बावन्न’मधला दोन कानावर आधी पडतो, म्हणून कागदावरही आधी उतरतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ असं वाचन आलं, तेव्हा काय हसलो होतो आपण! या वहीसमोर ते हसू जरा लाजिरवाणं वाटतं.

बाई खोडायला सांगत नाहीत. “आता मोठ्या अंकापासून लहानाकडे लाव. खाली उलटं. कर वजा.”

७५३२, खाली २३५७. आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडतो. अंक पुन्हा लावायचेच आहेत, तर आधीच्या अदलाबदलीनं काहीच बिघडत नाही. खेळही याच गावचा. द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ इथल्याच शाळेत मास्तर होते. अशी वजाबाकी करत गेलं की शेवटी ६१७४ वरच येऊन थांबतं, ही गंमत त्यांनी १९४९ मध्ये शोधली.

मुलगा उत्तर लिहितो : ५२२५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन काढलेत. पुढंही तसंच.

“अंकांची बेरीज?”

“चौदा.”

“नवाच्या पाढ्यात आहे?”

तो बोटं मोजतो. कुणी हसत नाही. “नाही.”

“मग घसरलं कुठंतरी. तूच शोध.” बाई खेळातल्या नोटांचा डबा पुढं सरकवतात. वर दोन सुटे रुपये, द्यायचेत सात. तो दहाची नोट उचलतो, थबकतो, मोडतो. मग शंभराची. खूप वेळ लागतो. बाई खिडकीबाहेर बघत बसतात. मला वाटतं, हे बघत बसणंच सगळ्यात अवघड असावं.

५१७५. “अठरा!” तो न विचारताच ओरडतो.

दारात त्याची आई उभी आहे, हातात फाइल. २०१६ च्या कायद्यानं अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वात धरलं, तरी दाखल्याची धावपळ तिलाच करावी लागते. “बाई, दहावीला जादा वेळ मिळेल ना?”

“दाखला झाला की अर्ज करू, ताई. बसा.”

वहीत ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२. प्रत्येकाखाली बेरीज, बेरजेपुढं बरोबरची खूण, त्यानं स्वतःच केलेली. सातव्या वजाबाकीला ६१७४.

“आता हेच लाव,” बाई म्हणतात.

७६४१ वजा १४६७. पुन्हा ६१७४. तो वहीकडे बघत राहतो आणि खाली परत ७६४१ लिहायला लागतो.

“अरे, तेच येणार!” मुलगी म्हणते.

“थांब गं. बघू दे.”