दहा क्रमांकाचा बोया

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उगम पावून, डोंगरदऱ्यांतून वळणे घेत सुमारे 2,000 किलोमीटरांचा प्रवास करणारी कोलंबिया नदी ओरेगन आणि वॉशिंग्टन या दोन अमेरिकन राज्यांच्या सरहद्दीवर पॅसिफिक महासागरास जेथे मिळते, तेथे मुखाच्या किंचित आत एक तांबडा बोया लाटांवर डोलत असतो. नौकानयनाच्या नकाशात त्याचा क्रमांक दहा. बंदराकडे येणाऱ्या मोठ्या जहाजांच्या दृष्टीने तो वाट दाखविणाऱ्या अनेक खुणांपैकी एक, इतकेच त्याचे महत्त्व. परंतु मत्स्यखात्याच्या नियमावलीत नदीची हद्द या बोयापाशी संपते आणि समुद्राची सुरू होते, आणि त्यामुळे आतबाहेरचे कायदेही तेथेच बदलतात. ऑगस्ट महिन्यात सॅल्मन मासा समुद्रातून नदीत शिरू लागला म्हणजे ॲस्टोरिया, हॅमंड, इल्वाको येथल्या धक्क्यांवरून पहाटेच्या अंधारात शेकडो लहान होड्या निघतात, आणि त्या साऱ्या उद्योगाला लोकांनी या बोयाचेच नाव देऊन टाकले आहे.

या होड्यांत दिमाख असा नसतो. पाचसात मीटर लांबीची, बहुधा ॲल्युमिनियमच्या पत्र्याची नाव, तिच्या पाठीशी एक मोठे यंत्र वेगाने जाण्यासाठी आणि एक लहान यंत्र गळ ओढीत संथ सरकण्यासाठी, आत दोनचार माणसे, गळाच्या काठ्या, बर्फाची पेटी आणि एका कोपऱ्यात रचलेले खेकड्यांचे पिंजरे, एवढाच सारा सरंजाम. ज्या पाण्यावर हा सरंजाम न्यायचा, ते पाणी मात्र सामान्य नव्हे. कोलंबिया सरासरीने दर सेकंदाला सुमारे 7,500 घनमीटर पाणी समुद्रात लोटते. ओहोटीच्या वेळी खाडीचे पाणी त्याला येऊन मिळाले, आणि समोरून पश्चिमेच्या लाटा उसळत आल्या, की मुखावरील वाळूच्या दांड्यावर घटकेपूर्वी शांत असलेले पाणी भिंतीसारखे उभे राहते. 1792 च्या मे महिन्यात रॉबर्ट ग्रे हा अमेरिकन कप्तान हा दांडा ओलांडून आत शिरला आणि आपल्या जहाजाचे नाव त्याने नदीला दिले; तेव्हापासून या परिसरात सुमारे दोन हजार लहानमोठी गलबते नष्ट झाली असे मानतात. ‘पॅसिफिकचे स्मशान’ ही ख्याती या किनाऱ्याला मिळाली ती त्यामुळेच. 1885 साली येथे दगडी बांध घालण्यास आरंभ झाला आणि प्रवाहाला बरीचशी शिस्त लागली. तरी आजही अमेरिकन तटरक्षक दल आपल्या जीवरक्षक नौकांच्या खलाशांना शिक्षण देण्याची शाळा याच मुखाशी, केप डिसअपॉइंटमेंट येथे चालविते, आणि पाणी खवळले की लहान होड्यांना दांडा ओलांडण्याची मनाई करते. भरतीओहोटीचे कोष्टक पाहिल्यावाचून येथला जाणता माणूस होडीचा दोर सोडीत नाही.

भरतीचे महत्त्व केवळ जिवाच्या रक्षणापुरते नाही. समुद्राचे खारे, थंड पाणी आत चढू लागले की त्याच्याबरोबर मासाही आत येतो, आणि होड्यांची रांग त्या पाण्याबरोबर नदीच्या वरच्या अंगास सरकू लागते. आमिषासाठी हेरिंग मासा घेतात. त्याचे डोके तिरप्या कापाने छाटून धड गळाला अशा रीतीने ओवतात, की पाण्यात ओढले असता ते स्वतःभोवती गिरक्या घेत जखमी माशाप्रमाणे भासावे. कापाचा तिरपेपणा थोडा चुकला तर आमिष फिरत नाही, नुसते फरफटते. आणि फरफटणाऱ्या आमिषाकडे सॅल्मन ढुंकूनही पाहत नाही. म्हणून अनुभवी मनुष्य ते प्रथम होडीच्या कडेला पाण्यात धरून त्याची गिरकी निरखतो, आणि मन भरले म्हणजेच दोर सोडतो.

मासा लागून जाळीत आला, की आनंदापूर्वी चौकशी येते. येथे मुख्यतः दोन जाती सापडतात, चिनूक आणि कोहो. त्यांचे हिशेब वेगळे असल्यामुळे त्या ओळखणे भाग असते. माशाचा जबडा उघडून खालच्या दातांच्या मुळाशी पाहावे: हिरडी काळी असली तर चिनूक, पांढरट असली तर कोहो. शेपटीच्या दोन्ही पात्यांवर ठिपके असणे हे चिनूकचे लक्षण. कोहोच्या वरच्याच पात्यावर ते असतात. मग दृष्टी जाते ती पाठीवर, शेपटीच्या अलीकडे असणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या मांसल पराकडे. तो पर शाबूत असेल तर मासा नदीच्या पोटी नैसर्गिक रीतीने जन्मलेला. तो छाटलेला असून तेथे भरून आलेला व्रण दिसत असेल, तर मासा सरकारी पैदासकेंद्रात वाढलेला, आणि पिलू असतानाच खूण करून सोडलेला. कोहोच्या बाबतीत सामान्य दंडक असा, की खूण असलेला ठेवावा आणि खूण नसलेला पाण्यातच गळ काढून मोकळा करावा. चिनूकसंबंधीचा हुकूम त्या त्या वर्षीच्या अंदाजाप्रमाणे बदलतो. एवढ्याशा परावर माशाचे मरण किंवा सुटका अवलंबून राहावी, हा प्रकार नवख्याला विलक्षण वाटतो. त्याचे मूळ शोधावयाचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागते.

ग्रेच्या आगमनापूर्वी या मुखाच्या उत्तर तीरावर चिनूक आणि दक्षिण तीरावर क्लॅटसॉप लोक पिढ्यान्पिढ्या नांदत होते, देवदारासारख्या वृक्षाच्या कोरीव होड्यांतून मासेमारी करीत होते, आणि वाळविलेल्या सॅल्मनचा त्यांचा व्यापार दूरवरच्या मुलखांशी चाले. 1866 साली कोलंबियावर डबाबंद सॅल्मनचा पहिला कारखाना निघाला, आणि पुढील दोन दशकांत काठाकाठाने कारखाने उभे राहिले. 1883 साली एकट्या चिनूकची पकड सुमारे 4 कोटी 30 लाख पौंडांवर गेली. फिनलंडहून आलेले कोळी शिडाच्या होड्यांतून जाळी टाकीत, चिनी मजूर कारखान्यांत मासे चिरीत, ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर घोडे जुंपून प्रचंड जाळी ओढली जात, आणि नदीच्या वरच्या अंगास प्रवाहाच्या बळावर फिरणारी मत्स्यचक्रे रात्रंदिवस मासे उपसून काढीत. नदीच्या दौलतीला अंत नाही, असा त्या काळचा समज होता. पकड उतरू लागल्यावर जो तो दुसऱ्याच्या साधनाला दोष देऊ लागला. ओरेगनने 1926 साली आणि वॉशिंग्टनने 1934 साली मत्स्यचक्रांवर बंदी घातली, पण तोवर बराच उशीर झाला होता.

त्यानंतर धरणे आली. 1938 साली पुरे झालेल्या बॉनव्हिल धरणाला माशांसाठी पायऱ्या ठेवल्या होत्या. परंतु पुढे 1941 साली वीज देऊ लागलेल्या ग्रँड कूलीच्या अजस्र भिंतीत तशी वाट ठेवलीच नाही, आणि वरच्या शेकडो मैलांच्या प्रवाहात अंडी घालावयास जाणाऱ्या, ऐंशी पौंडांहूनही भारी भरणाऱ्या चिनूकच्या घराण्याचा वंश तेथेच खुंटला. 1957 साली दुसऱ्या एका धरणाच्या पाण्याखाली सेलायलोचा धबधबा बुडाला आणि मूळ रहिवाशांचे अतिप्राचीन मासेमारीचे ठिकाण नाहीसे झाले. या नुकसानीची भरपाई म्हणून पैदासकेंद्रांचा मार्ग पत्करला गेला. लिव्हिंग्स्टन स्टोन याने क्लॅकमस नदीवर 1877 सालीच तसा प्रयोग केला होता. 1938 च्या मिचेल कायद्याने त्या मार्गाला सरकारी तिजोरीचे पाठबळ मिळाले. शिवाय 1855 च्या तहनाम्यांत मूळ रहिवाशांना त्यांच्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा जो हक्क राखून दिला होता, तो 1969 साली न्यायाधीश रॉबर्ट बेलोनी यांनी उचलून धरला. आज मुखावरील होडीवाल्याच्या वाट्याला येणारा मासा अशा रीतीने आधीच हिश्श्यांत विभागलेला असतो. वरच्या जमाती, जाळेवाले, समुद्रातले मासेमार, छंदाने येणारे, आणि नामशेष होऊ घातलेल्या वंशांसाठी राखून ठेवलेला भाग, या सर्वांचा जमाखर्च मांडून मग हंगामाची मुदत ठरते, आणि हिस्सा संपला की भर हंगामात, दोनचार दिवसांच्या सूचनेने, तो बंदही होतो.

त्याच होडीच्या कोपऱ्यातला खेकड्यांचा पिंजरा एक निराळीच हकीकत सांगतो. सॅल्मनकडे वळण्यापूर्वी तो तळाशी सोडून ठेवतात. आत आमिष म्हणून पुष्कळदा आदल्या दिवशीच्या सॅल्मनचेच डोके बांधलेले असते. प्रवाह जोरात असता खेकडा वाळूत दडून राहतो, म्हणून भरती आणि ओहोटी यांच्यामधल्या स्तब्ध पाण्यात पिंजरा उचलणे फायद्याचे. वर येणारा डंजनेस जातीचा खेकडा उलटा करावा: पोटावरची झडप रुंद व गोलसर तर ती मादी, आणि मादी निरपवाद सोडायची, झडप अरुंद व निमुळती तर तो नर. मग त्याच्या कवचावर, टोकांच्या लगत पुढे, माप आडवे लावावे. ओरेगनच्या नियमाने पावणेसहा इंचांहून कमी भरला तर तोही पाण्यात, आणि दिवसाला माणशी बारांहून अधिक नाहीत. नर या मापाला पोचण्यापूर्वीच वयात आलेला असतो, म्हणून पकडला जाण्याआधी त्याला प्रजोत्पादनाची संधी बहुधा मिळालेली असते. एवढे साधे तत्त्व या मापामागे आहे. हरवलेला पिंजरा तळाशी वर्षानुवर्षे खेकडे मारीत राहू नये, म्हणून त्याचे दार कच्च्या सुती दोऱ्याने बांधण्याची सक्ती वॉशिंग्टनने केली आहे: दोरा कुजला की दार आपोआप उघडते.

ओरेगनने चिनूकला 1961 साली आणि डंजनेस खेकड्याला 2009 साली राज्यचिन्हाचा मान दिला. मान सारखाच, पण दैव सारखे नाही. खेकड्याला अंडी घालण्यासाठी धरणे चढावी लागत नाहीत, हे त्याचे भाग्य मान्य केलेच पाहिजे. तरीही मादीला हात न लावण्याचा आणि लहानाला सोडण्याचा दंडक त्याच्या वाट्याला लुटीनंतर उपाय म्हणून आला नाही, तो धंद्याचाच भाग होऊन बसला. म्हणून त्याची पकड कधी चढते, कधी उतरते, पण धंदा टिकून आहे, आणि ओरेगनच्या मासेमारीत एका जातीपासून मिळणारे सर्वांत मोठे उत्पन्न आजही त्याचेच असते. सॅल्मनला मर्यादा घातली गेली ती त्याची दौलत उधळून झाल्यावर. ॲस्टोरियातला शेवटचा मोठा डब्यांचा कारखाना 1980 साली बंद पडला, आणि मासा आता नदीइतकाच सरकारी हौदांच्या आश्रयाने जगतो. एकाच होडीत, एकाच सकाळी, एकच मनुष्य या दोन्ही हिशेबांवर सही करीत असतो. पावणेसहा इंचांचे माप त्याला क्षणभर थांबवते, एवढेच. सॅल्मनच्या पाठीवरचा व्रण शोधताना मात्र तो पणजोबांच्या पिढीने केलेले कर्ज फेडीत असतो, आणि त्याचे हप्ते संपण्याची मुदत कोणत्याही दप्तरात लिहिलेली नाही.