जलचक्र, कर्बचक्र आणि भूमिहीन माणूस

शालेय भूगोलातील जलचक्राची आकृती आपणा सर्वांना पाठ असते. समुद्र, सूर्य, ढग, डोंगर, नदी आणि गोल फिरणारे बाण. मी महाविद्यालयात दरवर्षी तीच फळ्यावर काढतो. ती खोटी नाही. पण तिच्यात माणूस नाही. म्हणजे जमिनीचा मालकही नाही आणि मजूरही नाही. नगर जिल्ह्यातले (२०२४ पासून अहिल्यानगर) पाणी समजून घ्यायचे तर या दोघांना वगळून भागत नाही.

पाण्यापुरती पृथ्वी ही जवळजवळ बंद प्रणाली आहे. पाणी संपत नाही, रूप आणि जागा बदलते. जिल्हा मात्र खुली प्रणाली होय. पाणी येते, थांबते, निघून जाते. तेव्हा पाऊस किती पडला याइतकेच, ते पाणी कोठे आणि किती काळ थांबले, हे महत्त्वाचे. हवेतली वाफ सरासरी नऊ-दहा दिवस टिकते. खडकातले पाणी वर्षानुवर्षे.

अकोले तालुक्यात घाटघरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्री ओलांडून उतरणारी हवा तापते, कोरडी होते. नगर शहराच्या वाट्याला ६०० मिलिमीटरही धड येत नाहीत. हा भेद निसर्गाने केला. दुसरा भेद कालव्याने केला. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे पाणी कालव्यात खेळू लागले, त्यावर ऊस आला, पुढे १९५० च्या सुमारास लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला. आणि पाथर्डीसारख्या कोरड्या तालुक्यातली माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जाऊ लागली.

तोडलेल्या उसाच्या वजनात साधारण ७० टक्के पाणी असते. जिच्या गावी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, ती बाई डोक्यावरच्या मोळीत दुसऱ्याच्या शिवारातले पाणी गाडीपर्यंत वाहून नेते. आणि त्याच्या कितीतरी पट पाणी पानांतून वाफ होऊन आधीच उडालेले असते.

उरलेले वजन कोठून आले? वर्गात बहुतेक जण उत्तर देतात, मातीतून. ते मुख्यतः हवेतून आलेले असते. पान आपली सूक्ष्म रंध्रे उघडून कर्बवायू आत घेते. त्याच रंध्रांतून पाणी बाहेर जाते. कर्ब हवा तर पाणी मोजावेच लागते. जलचक्र आणि कर्बचक्र हे दोन धडे नसून पानाच्या त्या रंध्रात गाठ पडलेली एकच गोष्ट आहे. शंभर किलो साखरेत ४२ किलो कर्ब असतो. साखर खाल्ली की तो श्वासावाटे हवेत परततो, चिपाड बॉयलरमध्ये जळते. पाचट पेटवले तर वर्षभराचा कर्ब एका दुपारी उडून जातो. कुजू दिले तर थोडा मातीत राहतो, आणि अशी माती पाणी धरून ठेवते.

हे आखूड चक्र आहे. दगडी कोळसा आणि डिझेल यांचा कर्ब मात्र कोट्यवधी वर्षे गाडलेला होता. हवेतला कर्बवायू दशलक्ष भागांत २८० होता, तो आज ४२० च्या वर गेला, तो मुख्यतः या गाडलेल्या कर्बामुळे. तेव्हा पुन्हा उगवणाऱ्या काटक्यांवर भाकरी भाजणाऱ्या बाईची चूल आणि औष्णिक वीज केंद्राची चिमणी एकाच तराजूत घालणारे पर्यावरणप्रेम मला मान्य नाही. (चुलीचा धूर तिच्या फुप्फुसाला वाईटच, तो प्रश्न वेगळा.) हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के अधिक वाफ धरू शकते. मग लांब उघडीप आणि एकदम कोसळणारा पाऊस वाढतो. कोसळणारे पाणी मुरत नाही, वाहून जाते.

मुरायलाही येथे जागा थोडी. आपला खडक बेसाल्टचा. वरच्या मुरमात पाणी साठते, खालचा काळा पाषाण भेगांपुरतेच धरतो. वरच्या अंगाला कोणी खोल बोअर घेतला की खालच्या अंगाच्या वस्तीचा आड आटू शकतो. भेगेला सातबारा नसतो. कायद्याने मात्र तिलाही मालक दिला. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाला मानला. ज्याला जमीन नाही त्याला पाणीही नाही. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी जे तळे खुले केले ते डोळ्यांना दिसत होते. तेथे अडवणारा माणूसही दिसत होता. खडकातले पाणी अडवणाऱ्याला काठावर उभे राहावे लागत नाही, मोटारीचे बटण दाबले की पुरते.

१९९३ च्या राज्य कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास बंदी घातली, २००९ चा कायदा त्याहून व्यापक आहे. अंमल करायचा तर गावात अंतर मोजणारा आणि तक्रार लिहिणारा माणूस पाहिजे. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर आणि ऊस यांना मनाई केली, आणि तेथे पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पहिले पाणी पिण्याला, मग पिकांना. असा ताळेबंद आपल्या गावच्या ग्रामसभेत मागायला पर्जन्यमापक आणि विहिरीची पातळी मोजायला दोरी, एवढेच साहित्य लागते. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्यात आणखी एक रकाना आखायला सांगतो: ज्यांच्या नावावर गुंठाही नाही, त्यांच्या वाट्याचे पाणी किती?